बाहेरचा नळ

केसांना साबण चोपडून, डोळे घट्ट मिटून मी नळाखाली हात धरला आणि हातावर काहीच पडलं नाही. नळाने नुसता घसा खाकरला, दोन-चार थेंब थुंकला आणि गप्प बसला. या वयात डोळ्यांत साबण जाणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. चाचपडत टॉवेल शोधला, भिंत धरून उभी राहिले, आणि लक्षात आलं की घर ऐकू येत नाहीये. पाणी असलेलं घर सारखं काहीतरी पुटपुटत असतं, भिंतीतून, फरशीखालून. जन्मभर ते कानावर असतं म्हणून कळत नाही. थांबलं की कळतं. मग खालून, तळघरातून, ओळखीचा आवाज आला. मोठ्या व्हॉल्व्हचं गंजकं चाक शेवटच्या आट्याला कुरकुरतं, तो. "अहो!" मी ओरडले. "अहो, काय चाललंय तिकडे?" खालून शांतपणे उत्तर आलं, "पाणी बंद करतोय. थंडी आली." बाहेर उन्हाने फरसबंदी तापली होती. समोरच्या घरातल्या बाईने खिडकीत पंखा लावून ठेवला होता. थंडी यायला अजून किती पानं पिकून गळायची होती.

तशीच खाली गेले, डोक्यावर फेस घेऊन. हे चाकापाशी उभे, अंगात उलटा घातलेला स्वेटर, हातात टॉर्च, आणि चेहऱ्यावर काम वेळेत उरकल्याचं ते समाधान. "एवढ्या लवकर?" मी म्हटलं. "लवकर केलेलं बरं असतं," म्हणाले. या विसरायच्या दुखण्याचा मला जो राग येतो तो याचाच. माणूस जातो आणि त्याचा सूर तसाच मागे राहतो. तोच धीमा, हिशेबी, पार्सल ऑफिसात उभा जन्म शिक्के मारलेल्या माणसाचा सूर. बोलणं ऐकलं तर कुणी म्हणेल, बरोबर तर सांगतायत, हिचंच डोकं फिरलंय. मी चाक उलटं फिरवलं. भिंतीतून पाणी धावत वर गेलं. हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू त्यांनी नीट घडी घातलेले कपडे मी विस्कटलेत. त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. यांनी खाली जाऊन बंद करायचं, मी खाली जाऊन उघडायचं. डाळ शिजत टाकावी, पाणी नाही. भांड्यांना साबण लावावा, पाणी नाही. पाहुणीने संडासात जावं, आणि मग आतून तिची ती केविलवाणी हाक यावी. मी चिडले, ओरडले, नाही नाही ते बोलले. माझी जीभ काही कुणापासून लपलेली नाही. लग्नात सासूबाई म्हणाल्या होत्या की पोरीला शाळा कमी दिसते पण बोलणं कॉलेजचं आहे. पण हे ऐकून घेत आणि परत सांगत, "थंडी आली." जणू मीच विसराळू, आणि मला समजावून सांगणं हे त्यांचं नशीब.

ही थंडी कुठून आली ते मला माहीत होतं. मी वाढले तिथे थंडी म्हणजे पायावर चादर घेणं. या गोठवणाऱ्या मुलखात, या घरात आलो तेव्हा आम्हाला दोघांनाही अक्कल नव्हती. घर पाहिलं तेव्हा खिडक्यांतून ऊन आत पसरलं होतं, परसात एक नळ होता, मी म्हटलं बरं झालं, झाडं लावता येतील. पहिल्याच हिवाळ्यात, सकाळची वेळ, हे ऑफिसला गेलेले, मी स्वयंपाकघरात, आणि वरच्या खोलीतून फाटल्यासारखा आवाज आला. आधी वाटलं कपाट पडलं. वर जाऊन बघते तर छतातून पाणी, पाणी कसलं, सुयाच, सरळ बाळाच्या पाळण्यावर. भिंतीतली लोखंडी नळी आतल्या आत गोठून फुटली होती. पाळण्यातली गादी भिजून जड झाली होती आणि बाळ रडत नव्हतं. रडत नव्हतं, एवढंच मला आजही दिसतं. ऐकू येण्याची गोष्ट आहे पण मला दिसते. उचललं तेव्हा ते निळसर होतं आणि इतकं गार की मी त्याला धरलं तसं माझ्या अंगातूनच कळ गेली. मग सगळा हिवाळा त्याची छाती घरघरत होती. डॉक्टर यायचा, मान हलवायचा, जायचा. हे ऑफिसातून आले की कोटही न काढता त्याच्या छातीवर तळहात ठेवून बसायचे. एकदा मला म्हणाले, "नळी फुटते हे मला माहीत असायला हवं होतं." मी म्हटलं, "तुम्ही काय नळीच्या पोटात राहता?" हसले नाहीत. बाळ वाचलं. आज ते बाळ टक्कल पडलेलं, चष्मा लावणारं, मला शहाणपण शिकवणारं आहे, आणि गारठा पडला की त्याची छाती अजूनही बारीक शिटी मारते.

तेव्हापासून थंडीची चाहूल लागली की यांचं सुरू. कुणाकुणाला विचारून शिकून घेतलं होतं, आणि एकदा शिकलं की त्यात काडीचा फरक नाही. आधी तळघरातलं मोठं चाक बंद. मग घरातले सगळे नळ उघडून नळ्यांतलं पाणी जाऊ द्यायचं. मग उत्तरेच्या भिंतीवरून जाणाऱ्या नळ्यांना गोणपाट गुंडाळायचं आणि वरून सुतळी, हातभर अंतरावर गाठ, गाठ अशी की एक टोक ओढलं की सुटावी. मग परसातल्या नळाकडे जाणारी छोटी चावी बंद. मग बाहेर जाऊन परसातला नळ उघडायचा, उरलंसुरलं पाणी सांडू द्यायचं, आणि सगळ्यात शेवटी परत येऊन मोठं चाक उघडायचं. घराला पाणी, परसाला नाही. पोरगा तेव्हा त्यांच्या शेजारी उकिडवा बसून टॉर्च धरायचा आणि गाठी मोजायचा. आमचं भांडण व्हायचं ते परसातल्या नळावरून. पाणी सांडून झालं तरी हे तो नळ बंद करायचे नाहीत. सगळा हिवाळा तो तसाच, तोंड वासून. मला उघडा नळ बघवत नाही. पाणी येवो न येवो, उघडा नळ म्हणजे बेशिस्त, उघड्या दारासारखी. मी येता-जाता तो बंद करायची, हे जाऊन परत उघडायचे. "अगं, कितीही काढलं तरी थेंबभर पाणी आत राहतंच," सांगायचे. "ते गोठलं की फुगतं. फुगायला वाट हवी. तोंड बंद केलंस तर नळी फोडून बाहेर येईल." "माझ्यासारखं म्हणा की," मी म्हणायची. "तुझं तोंड मी कधी बंद केलंय?" हे म्हणायचे, आणि तेवढ्यापुरते हसायचे, नाकातून.

आता त्या सगळ्यातली पहिली पायरी तेवढी उरली होती. चाक बंद करायचं. पुढचं सगळं पुसलेलं. म्हणून हे रोज पहिल्या पायरीवर जाऊन थांबत आणि थंडी अडवली असं समजून वर येत. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरातलं आमच्या घरात. पण एक दिवस मी बाजारात गेले असताना यांनी पाणी बंद केलं, काय सुचलं कुणास ठाऊक, गीझरखालचा नळही सोडला, टाकी रिकामी झाली आणि गीझर कोरडाच तापत राहिला. मी आले तेव्हा जिन्यात जळका वास. हे वर खिडकीपाशी बसून सुतळीचा गुंडा करत होते. प्लंबरला बोलवावं लागलं, आणि प्लंबर तोंडाचा फाटका. "आजी, आजोबांना माझ्याकडे कामाला पाठवा," म्हणाला. "माझी पोरं थंडी पडल्यावर जागी होतात, हे तर भर उन्हात!" मी म्हटलं, "तुझी पोरं तुझ्यावर गेली असतील." तो हसला, पण गीझरची काळी पडलेली कांडी माझ्यासमोर धरली तेव्हा हसत नव्हता. आणि जाताना, माझ्या नकळत, त्याने आमच्या पोराला फोन केला.

पोरगा आणि सूनबाई दोघं आली. सूनबाई माझी चांगली आहे. एवढी चांगली की तिच्याशी भांडायचं तर आपल्यालाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं. तिने चहा केला, यांचा स्वेटर सुलटा केला, आणि मग पोराकडे पाहिलं, म्हणजे आता तू बोल. पोरगा कप फिरवत म्हणाला, "आई, दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे ते चाक काढून टाकू. प्लंबर म्हणतो पान्याने फिरेल असं करून देतो, पाना तू तुझ्याकडे ठेव." "आणि दुसरी?" "दुसरी, बाबांना अशा विसरणाऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू. आम्ही बघून आलोय. स्वच्छ आहे. खोलीला खिडकी आहे." "खिडकी आहे?" मी म्हटलं. "अरे वा. मग खिडकीलाच ठेवून ये तिथे." "आई, घर पेटलं असतं." "नाही ना पेटलं." "म्हणजे पेटायची वाट बघायची?" सूनबाई हळूच म्हणाली, "आई, तुमचीसुद्धा काळजी वाटते हो." मी तिला म्हटलं, "माझी काळजी करणारा तो बघ, सुतळी गुंडाळतोय." हे कुणाचंच ऐकत नव्हते. सुतळीचं टोक त्यांना सापडत नव्हतं आणि ते न चिडता शोधत होते.

चाक काढायला मी का नाही म्हटलं ते मला नीट सांगता आलं नाही. बोलायला मी कधी कमी पडत नाही, पण तेव्हा पडले. यांच्या हातातून एकेक काम सुटत गेलं होतं. आधी सही. मग शर्टाची बटणं. मग दाढी, ती मी करते आता, आणि हे मान वर करून देतात, लहान मुलासारखी, मला ते बघवत नाही म्हणून मी जोरजोराने बडबडत दाढी करते. एवढं एक चाक राहिलं होतं जे यांना आपण होऊन आठवायचं. कुणी न सांगता उठायचे, टॉर्च घ्यायचे, पायऱ्या उतरायचे. तेवढा वेळ ते या घराचे मालक असायचे. ते चाक काढलं आणि हे खाली जाऊन त्या मोकळ्या दांड्यासमोर उभे राहिले, तर त्यांना कोण आणि काय सांगणार? हे मला तेव्हा बोलता आलं नाही. मी बोलले ते भलतंच. म्हटलं, "त्यांचं काही चुकलेलं नाही. फक्त दिवस चुकलाय. खरी थंडी येऊ दे. त्या दिवशी बघ, सगळं जिथल्या तिथे करतात की नाही." पोराने चष्मा काढून पुसला. "आणि नाही केलं तर?" "तर तू म्हणशील तसं." सूनबाईने मान वर केली. इतक्या वर्षांत असं काही माझ्या तोंडून तिने ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

मग मी थंडीची वाट बघायला लागले. जिच्या नावाने जन्मभर बोटं मोडली तिची वाट. सकाळी उठून खिडकीच्या काचेला बोट लावून बघायची. तोवर हे रोज खाली जायचे, मी रोज मागून जायची, पण आता ओरडत नव्हते. उलट पायऱ्यांवर बसून राहायची आणि हळूच विचारायची, "मग? आता पुढे काय करायचं?" हे चाकावर हात ठेवून विचारात पडायचे. "पुढे..." म्हणायचे. मी सांगायची, "पुढे नळ उघडायचे. मग गोणपाट." "हां, गोणपाट," म्हणायचे. परीक्षेला बसवावं तसं मी यांना घोकून घेत होते, मी, जिला बाईंनी पाढे येत नाहीत म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. एखाद्या दिवशी गोणपाटापर्यंत मजल जायची आणि मला वाटायचं जमलं. पानं पिवळी झाली, मग लाल, मग नुसत्या काड्या. एक दिवस मी आंघोळ पुरी केली. दुसऱ्या दिवशीही केली. भांडी घासून झाली, कपडे धुऊन झाले, पाणी कुठे अडलं नाही. आधी मला बरंच वाटलं, सुटले, म्हटलं. आणि मग ओट्यापाशी हात पुसता पुसता लक्षात आलं की हे खुर्चीतून उठलेलेच नाहीत. कधीपासून उठले नाहीत, तेही मला सांगता येईना. ज्या गोष्टीचा इतका त्रास झाला ती कधी थांबली हे आपल्याला कळूही नये?

आणि ती आली. सकाळी परसातलं गवत पांढरं पडलं होतं आणि काचेच्या कडेला बारीक नक्षी धरली होती. रेडिओवर सांगितलं की आता उतरत जाईल. पोराचा फोन आला, दुपारून येतो. मी यांना स्वेटर घातला, सुलटा. टॉर्च हातात दिला, मांडीवर सुतळी ठेवली. म्हटलं, "अहो, थंडी आली." "हो का?" म्हणाले. "मग चहा टाक." चहा दिला. पिऊन झाला. मी परत म्हटलं, "थंडी आली. नळ फुटतील." हे खिडकीबाहेर बघत होते, कुणाच्या तरी दुसऱ्याच्या घराची गोष्ट ऐकावी तसे. शेवटी मी त्यांना उठवलं, दंडाला धरून पायऱ्या उतरवल्या. खाली गार होतं, भिंतींना ओल. त्यांचा हात उचलून चाकावर ठेवला आणि त्याच्यावर माझा. "फिरवा की," म्हटलं. "तुमचंच चाक आहे." हाताला काही कळलं नाही. लोखंडावर हात नुसता पडून राहिला. मी दाबलं, त्यांची बोटं वळवली, मला वाटलं डोकं विसरलं तरी हात विसरणार नाहीत. यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोच तो धीमा, सभ्य सूर, पार्सल घ्यायला आलेल्या अनोळखी बाईशी बोलावा तसा: "बाई, तुमचे हात फार गार पडलेत. तुम्ही वर जाऊन शेकत का बसत नाही?"

मी त्यांना वर नेऊन बसवलं. पांघरूण दिलं. मग खाली आले आणि सगळं मी केलं. चाक फिरेना, त्याला लटकले. वर जाऊन नळ उघडले, खाली येऊन गोणपाट गुंडाळलं, सुतळी बांधली. माझ्या गाठी शिवणकामाच्या, बारीक, न सुटणाऱ्या. छोटी चावी बंद केली. परसात गेले, नळ उघडला, पाणी सांडलं, थांबलं. परत येऊन चाक उघडलं. मला वाटलं, काही राहिलं नाही. सगळं जिथल्या तिथे.

पोरगा आणि सूनबाई आली तेव्हा मी वाटाणे सोलत बसले होते, जणू दुसरं काम नव्हतं. "केलं बाबांनी?" त्याने दारातूनच विचारलं. "मग काय मी करणार?" मी म्हटलं. "मला त्यातलं काय कळतंय?" तो टॉर्च घेऊन खाली गेला. त्याचं खोकणं मला फरशीतून ऐकू येत होतं, एका जागी थांबून, मग पुढच्या जागी, भिंतीच्या कडेकडेने. वर आला आणि सरळ परसाच्या दाराने बाहेर गेला. मी ओट्यापाशी जाऊन खिडकीतून बघितलं. तो नळापाशी उकिडवा बसला, लहानपणी बसायचा तसाच. नळाला हात घातला आणि थांबला. तेव्हा मला कळलं. नळ बंद होता. पाणी सांडून झाल्यावर माझ्या हाताने तो बंद केला होता, मला न विचारता, जन्मभर करत आला तसा. यांनी तो कधी, एकदासुद्धा, बंद ठेवला नव्हता. पोराने जोर लावून नळ फिरवला. नळाने थोडं पाणी थुंकलं, बर्फाचा भुगा मिसळलेलं. तो तसाच बसून राहिला, पाठ माझ्याकडे, हात नळावर. मग नळ उघडाच ठेवून उठला आणि विजारीला हात पुसत आत आला.

"झालंय ना सगळं नीट?" सूनबाईने विचारलं. मी ओट्यापाशीच वाटाण्याची शेंग हातात धरून उभी होते; ती सोलायची कशी ते आठवेना. "बाबांचं काम आहे ते," पोरगा म्हणाला. "त्यात काय बघायचं?" माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. मीही नाही. परसाचं दार त्याच्या मागे उघडंच राहिलं होतं आणि गार वारा आत येत होता. तेव्हा खुर्चीतून हे एकदम बोलले, दिवसभरात पहिल्यांदा चढ्या आवाजात. "अहो, ते दार लावा! वर बाळ झोपलंय. त्याची छाती नाजूक आहे." पोरगा होता तिथेच उभा राहिला. त्याच्या छातीतली शिटी मला ओट्यापर्यंत ऐकू येत होती. मग तो वळला, दार लावलं, कडी घातली, आणि खालची फट दिसली तिथे पायाने पायपुसणं सरकवलं. "लावलं," म्हणाला. हे मान हलवून परत खिडकीबाहेर बघायला लागले. जाताना पोरगा पायांत बूट घालता घालता एवढंच बोलला, "हा हिवाळा राहू दे इथेच, आई." मी म्हटलं, "मफलर नीट गुंडाळ. तुझी बायको तुला मफलरसुद्धा घालायला शिकवत नाही." सूनबाई हसली, आणि हसताहसता तिने तोंड फिरवलं.

सकाळी मी आंघोळीला बसले. खिडकीबाहेर परसातला नळ तोंड वासून उभा होता, त्याच्या ओठावर एक थेंब गोठून राहिलेला. मी त्याच्याकडे बघितलं आणि तसाच राहू दिला. आतला नळ सोडला, केसांना साबण चोपडला, डोळे मिटले आणि हात पुढे धरला. पाणी पडत होतं. मी थांबले. म्हटलं, आता घसा खाकरेल, आता कुरकुरेल. "अहो," मी हाक मारली, आधी हळू, मग मोठ्याने. साबण डोळ्यांत उतरला. मी तशीच हात पसरून बसले, आणि पाणी येत राहिलं, येतच राहिलं.